शिडाची पिशवी

‘मजबूत’ हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. पंचाहत्तरी ओलांडली, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, तरी फिरतं. गेल्या आठवड्यात सानिकाने एका दुपारीत तो शब्द अकरा वेळा काढला. मी मोजत होतो.

सानिका म्हणजे माझ्या थोरल्या भावाची नात. पुढच्या महिन्यात ती कुठल्याशा बर्फाच्या डोंगरात फोटो काढायला जाणार आहे, विमानाने, आणि कॅमेरा न्यायला तिला पाठीवरची बॅग घ्यायची आहे. सोफ्यावर पाय वर घेऊन ती फोनवर बॅगा बघत होती आणि प्रत्येक बॅग माझ्या नाकासमोर नाचवत होती.

“काकाआजोबा, ही बघा ना. एकदम मजबूत आहे. वरून गाडी गेली तरी काही होत नाही, असं लिहिलंय.”

“कॅमेऱ्यावरून गाडी घालायचा विचार आहे का तुझा?”

“तसं नाही हो! विमानात जवळ ठेवता आली पाहिजे, वरच्या कप्प्यात मावली पाहिजे, म्हणून शोधतेय. आणि पाणी आत जायला नको. ही वॉटरप्रूफ आहे.”

“बाहेरचं पाणी आत नाही जाणार. पण आतच पाणी असलं तर?”

“आत कुठून येईल पाणी?” असं म्हणून ती हसली आणि पुढच्या बॅगेकडे वळली. तिची आजी, म्हणजे माझी वहिनी, बाल्कनीच्या दारात बसून लसूण सोलत होती. तिने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लसूण सोलू लागली. बस, एवढंच. त्या एका नजरेने माझी दुपार नासली.

वैशाख संपत आला की मला असंच होतं. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून खाली बघितलं तर इमारती, टाक्या, पार्किंगच्या छपरांचे निळे पत्रे. पण ऊन तेच आहे. ते पत्र्यांवर पडून डोळ्यांत घुसतं तेव्हा मला आमचं मिठागर दिसतं. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि खाली राहिलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढून बांधावर रचायचं. वैशाखात सगळीकडे पांढऱ्या राशी. झाड नाही, सावली नाही. पायांना भेगा, भेगांत मीठ. वाऱ्याला चव, घामाला चव, तोंड पुसलेल्या फडक्यालाही तीच चव. तिथे जन्मलेल्या माणसाच्या जिभेचं काय होत असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नाही. खरं सांगायचं तर माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

साल एकोणसत्तर असेल किंवा सत्तर. मी बावीस वर्षांचा होतो. माझा मामा बोटीवर खलाशी होता, त्याने मला एक कॅमेरा आणून दिला होता. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून खाली बघायचा, एका रोलमध्ये बारा फोटो. आठवडाभर मी बापाच्या मिठागरावर राबायचो आणि रविवारी कुणाचं लग्न, कुणाची हळद असली की कॅमेरा घेऊन धावायचो. मला फोटोग्राफर व्हायचं होतं. घरात हे कुणाला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळलं ते हसले. कॅमेरा मी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवायचो. तांदूळ दमट हवा ओढून घेतो, हे मला मामाने सांगितलं होतं. म्हणजे बघा, अक्कल नव्हती असं नाही. होती, आणि तरीही पुढचं सगळं मी केलं.

वहिनी आदल्या वर्षी लग्न होऊन आली होती. तिचं माहेर पालीच्याही पुढे, डोंगराच्या पोटात. घरामागे झरा. आमच्या घरी पहिल्या दिवशी तिने तांब्यातून पाण्याचा घोट घेतला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. ती हळूच म्हणाली, “पानी खारा हाय.”

झालं! माझ्या बापाचा अभिमानच दुखावला. मिठागराच्या कडेला, शेताच्या बांधापाशी आमच्या आज्याने विहीर खणली होती. सगळीकडे खारं पाणी लागत असताना हिला गोडं लागलं, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाबा सगळ्यांना सांगायचे, “आमच्या विहिरीसारखा गोडा पानी पंचक्रोशीत न्हाय.” पाहुणे चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवायचे. आम्हाला वाटायचं, लाजतात. नव्या सुनेने पहिल्याच दिवशी त्या पाण्याला खारं म्हटलं म्हणजे काय? आई म्हणाली, “माहेरचा कौतुक माहेरी ठेव.” वहिनीने डाळ शिजत घातली तर ती दोन-दोन तास शिजायची नाही. वहिनी म्हणायची, पाण्यामुळे. आई म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणतात, आमच्याकडे नावडतीची डाळसुद्धा कच्ची होती. आणि ही गोष्ट चघळून चघळून हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

मिठाचा हंगाम संपत आला तेव्हा वहिनीला सातवा महिना लागला होता. दिवाळीनंतर ती माहेरी गेली नव्हती, आणि बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरल्याने आता बाळंत होईपर्यंत जायची सोय नव्हती. एक दिवस मी कणगीतून कॅमेरा काढून पुसत बसलो होतो तर ती जवळ येऊन उभी राहिली.

“भावजी, माज्या आयेचा फोटू काढाल का?”

“तुझी आई इथे येणार आहे?”

“ती कशी येईल? तिच्यानं चालवत न्हाय. तुमी जा तिकडं. झऱ्यावर बसवा तिला, पान्याच्या बाजूला. तिचा फोटू कुनीच काढलेला न्हाय.” मग जरा थांबून म्हणाली, “आनि पान्याचा तल दिसला पायजे. या घरात सगल्यांना दाखवाचा हाय मना.”

मी हो म्हणालो. दया आली म्हणून नाही. मला निमित्त हवं होतं. लग्नाच्या पंगती आणि नवरदेवाचे मामे काढून मी विटलो होतो. डोंगर, झरा, एक म्हातारी! मी ठाण्याला ज्याच्याकडून रोल धुवून घ्यायचो त्या स्टुडिओवाल्याने याच फोटोंवर मला कामावर घ्यावं, असं मी मनात धरलं होतं. त्याने सांगितलंही होतं, काहीतरी वेगळं आण, मग बघू. म्हणजे वहिनीला तिची आई हवी होती आणि मला माझं नशीब. दोन्ही एकाच कॅमेऱ्यात जायचं होतं.

तेव्हा प्रश्न आला पिशवीचा. कणगी घेऊन एसटीत चढता येत नाही. फोर्टातल्या एका दुकानात कॅमेऱ्याच्या खास पेट्या मिळतात असं ऐकून मी गेलो. काचेमागे चामड्याची सुंदर पेटी होती, आत लाल मखमल. मी हात लावायच्या आत शेठ गल्ल्यावरून म्हणाला, “कहाँ से आया?” मी भाईंदर म्हटलं. तो नोकराकडे बघून हसला, “भाईंदर से? इसमें नमक भरेगा क्या?” त्या हसण्याचा राग मला आजही येतो. पेटी मला परवडणारी नव्हतीच, पण त्याने हसायला नको होतं. मी तिथून निघालो तो ठरवूनच निघालो, की याच्या पेटीच्या तोंडात मारेल अशी पिशवी करून घेईन.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. बाबा म्हणाले, चामड्याला आपल्या हवेत बुरशी येते. पत्र्याची ट्रंक गंजते. रेक्झिन उन्हात तडकतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, “मजबूत पायजे. फाटायला नको, भिजायला नको. शिडाच्या कापडाची कर.” सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही पटलं. समुद्राचा वारा ज्या कापडाला फाडू शकला नाही त्याला एसटी काय करणार?

समुद्रकाठी तारोडी गावाला इनासकाका होते. होडीची शिडं शिवणारा त्यांच्यासारखा माणूस उत्तनच्या पट्ट्यात दुसरा नव्हता. त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या जुन्या होडीचं शीड घडी करून ठेवलेलं होतं. ते बाहेर काढताना त्यांचा हात जरा अडखळला, ते मी पाहिलं. तरी त्यांनी ते कापलं. दुहेरी कापड, मधे काथ्याची गादी, मेणाचा दोरा, पाठीवर घ्यायला दोन रुंद पट्टे, रोल ठेवायला बाजूला खिसा. बैलानेही फाडली नसती अशी पिशवी. शिवून झाल्यावर त्यांनी ती माझ्या पाठीला लावून बघितली.

“पोरा, घट हाय. माज्या होडीपेक्षा जास्त टिकंल. पन यात मीठ हाय, वीस वर्सांचा. गोड्या पान्यान तीन वेला धू. तीन म्हंजे तीन. मग उनात टाक.”

मी हो म्हटलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, कधीतरी आमच्या चर्चच्या सणाचा फोटो काढ.

पिशवी मी आमच्या विहिरीवर धुतली. तीन वेळा धुतली, अगदी इमानदारीने, घासून घासून. साबण लावला तर त्याला फेस येईना. एक अख्खी वडी झिजली आणि हाताला नुसतं चिकट लागत राहिलं. मला वाटलं, साबण वाईट. साबणवाल्याला शिव्या दिल्या! आजही तो प्रसंग आठवला की मी एकटा असलो तरी कपाळावर हात मारून घेतो. फेस येत नव्हता, अरे मूर्खा, फेस येत नव्हता. मिठागरवाल्याच्या पोटी जन्मून तुला एवढं कळलं नाही?

पिशवी वाळत घातली होती तिथे वहिनी आली. सात महिन्यांचं पोट सांभाळत वाकली, पिशवीचा कोपरा उचलला आणि जिभेला लावला. सगळे ओटीवरच होते. बाबा, आई, दादा, मी.

“भावजी, ही अजून खारी हाय. हिरीच्या पान्यान न्हाय जायाचा. घोडबंदरला डोंगराखाली हीर हाय ना, तिथला पानी आना. न्हाय तर मी सांगते कुनाला तरी आनायला.”

आधी आई हसली. मग बाबा. “मिठागरवाल्याला मीठ शिकवते!” दादाचा चेहरा मात्र लाल झाला. “तुला या घरातला काय गोड लागतं गो? एक तरी गोष्ट सांग,” असं तो चारचौघांत तिच्यावर ओरडला. मी काय केलं? मी उठलो, पिशवी उचलली, तिच्यासारखीच जिभेला लावली आणि म्हणालो, “मला तर गोड लागते.” सगळे पुन्हा हसले. मी हसवलं म्हणून मलाच बरं वाटलं.

आणि मी खोटं बोललो नव्हतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मला खरंच काही खारट लागलं नव्हतं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी निघालो. घोडबंदरहून एसटीने ठाणे, ठाण्याहून पनवेल, पुढे पेण, पुढे पाली. प्रत्येक गाडीत तोच तमाशा. कंडक्टर दारातच अडवायचा. “पिशवी टपावर टाका.” मी म्हणायचो, मांडीवर ठेवतो. पनवेलचा कंडक्टर तर इरेलाच पेटला.

“आत माणसं बसायची आहेत. सामान वर.”

“यात कॅमेरा आहे. वर आदळला तर फुटेल.”

“मग काय त्याचं तिकीट काढलंय?”

“काढा.”

“अर्धं काढू की पूर्ण?”

“लहान आहे अजून. अर्धं काढा.”

गाडीभर लोक हसले. त्यानेही खुन्नस म्हणून खरंच अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, आणि मीही ते ऐटीत खिशात घातलं. पेणपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कुणाचा कोपर लागला तर डोळे वटारायचो, शेजारच्या बाईच्या कोंबडीने चोच मारली तर तिच्याशी भांडलो. कॅमेऱ्यावर मी कुणाची सावली पडू दिली नाही. सगळं जग माझ्या कॅमेऱ्याच्या वाईटावर आहे आणि ही पिशवी तेवढी त्याच्या बाजूची, अशी माझी पक्की समजूत होती.

वहिनीच्या माहेरी मी पोचलो आणि तांब्यातलं पाणी प्यायलो. आता इथे मला लिहावंसं वाटतं, की पहिल्या घोटालाच माझे डोळे उघडले. नाही उघडले. मला ते पाणी पांचट लागलं. चवच नाही, असं मी मनात म्हटलं. इतकी आमची जीभ मेलेली.

झरा मात्र माझ्याही डोळ्यांत भरला. कातळातून पाणी येत होतं आणि खाली हौदाएवढ्या खळग्यात साठत होतं. तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. वहिनीची आई वाळकीशी, ताठ मानेची बाई. गुडघे गेलेले, तरी काठी टेकत टेकत झऱ्यापर्यंत आली. आधी फोटोला नाहीच म्हणत होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. मी म्हटलं, तुमच्या लेकीने मागितलाय. तर पटकन बसली. हांडा बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि मला विचारलं, “ती तिकडं बरी हाय ना? तिला पानी मानवतो ना तिकडचा?”

मी म्हणालो, “एकदम मस्त आहे. आमच्याकडची विहीर गोडी आहे.”

दोन रोल काढले मी. चोवीस फोटो. त्यातला एक मला अजून दिसतो. म्हातारी वाकून हात पाण्यात घालते आहे, खाली गोटे, आणि पाण्यात तिचा चेहरा. बटण दाबतानाच मला कळलं होतं, की हा फोटो आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी निघणार होतो, पण पाऊस लागला. पालीची वाट बंद झाली, नदी चढली, एसटी येईना. नऊ दिवस मी तिथे अडकलो. पिशवी खुंटीला टांगलेली होती. तिसऱ्या दिवशी तिला हात लावला तर ओलसर लागली. छप्पर गळत नव्हतं, भिंत कोरडी होती. मी म्हटलं, पावसाळी हवा आहे. चुलीजवळ नेऊन ठेवली, जरा सुकली, पुन्हा ओली झाली. अहो, आषाढात आमच्या घरच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे मी जन्मल्यापासून बघत आलो होतो! राशींना पाणी सुटू नये म्हणून दर वर्षी त्या गवताने शाकारायला बापाबरोबर राबलो होतो. मीठ हवेतलं पाणी पितं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी कॅमेरा घातला होता मिठाच्या पिशवीत, आणि वरून कांबळं गुंडाळून ठेवलं होतं, की बाहेरचा ओलावा आत जाऊ नये!

भाईंदरला येऊन कॅमेरा बाहेर काढला तेव्हा शटर उघडेना. आतल्या पात्यांवर हिरवट चट्टे चढले होते. रोल बाजूच्या खिशात होते, नुसत्या शिडात. ठाण्याच्या स्टुडिओवाल्याने ते अंधाऱ्या खोलीत नेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. कागद ओला होऊन फिल्मला चिकटला होता. सोडवायला गेलं की चित्रच निघून येत होतं. चोवीसातला एक फोटो तेवढा त्याला अर्धामुर्धा छापता आला. तो माझ्या हातात देऊन म्हणाला, “ज्याला आपला माल कोरडा ठेवता येत नाही, त्याने या धंद्यात येऊ नये.” मला त्याचा राग आला. कारण तो खरं बोलत होता.

तो फोटो मी वहिनीला दिला. वरचा भाग सगळा डागांनी खाल्लेला. जिथे म्हातारी होती तिथे राखाडी ढग. खाली मात्र पाणी आणि तळाचे गोटे आले होते. वहिनी दारात उजेडाला धरून किती तरी वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता म्हणेल की मी सांगितलं होतं. ती म्हणाली, “आये न्हाय आली. तल आलाय पन.” आणि फोटो कपाळाशी नेऊन ट्रंकेत ठेवला. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

तिने घातल्या नाहीत म्हणून मी माझा राग दुसरीकडे नेऊन ओतला. तारोडीला गेलो, आणि इनासकाकांच्या अंगणात, त्यांच्या बायकोसमोर, सुनांसमोर, नाही नाही ते बोललो. कुजकं शीड दिलंत, मला बुडवलंत, फुकट होतं म्हणून काय विष द्यायचं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “धुतली होती ना?”

“तीन वेळा.”

“कनच्या पान्यान?”

“आमच्या विहिरीच्या. गोड्या पाण्याने.”

काकांनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पोरा, तुमच्या हिरीचा पानी मी प्यालोय. तुज्या बापाच्या लग्नात. तो गोडा न्हाय रे.”

तेव्हा मला कळलं. तिथेच, त्या अंगणात, स्वच्छ कळलं. पण मी कबूल करणार? मी पिशवी त्यांच्या पायाशी फेकली आणि पाठ फिरवून निघून आलो. त्यांच्या चर्चचा सण मी कधीच काढला नाही. नंतर ते वारले, तेही मला महिन्याने कळलं.

वहिनीची आई त्याच वर्षी भाद्रपदात गेली. मुलगा झाला होता, ओली बाळंतीण, वहिनीला जाता आलं नाही. तिच्या आईचा चेहरा या जगात कुठल्याच कागदावर नाही. मी काढला होता आणि मीच घालवला. शटर दुरुस्त झालं नाही. कॅमेरा पुन्हा कणगीत गेला आणि मी मिठागरावर.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे नळ आला. पहिल्या दिवशी वहिनीने नळाच्या पाण्यात तुरीची डाळ घातली. ती एका उकळीत लोण्यासारखी शिजली. तिने ती पातेल्यासकट आणून सगळ्यांच्या मधे ठेवली. आई बघत राहिली. बाबांनी ताट पुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवले. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि वहिनीही बोलली नाही. मला वाटलं होतं, आपण बोलावं. मग वाटलं, उद्या बोलू. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आमच्या घराला ते जमलं नाही. विहीर बुजली, शेत गेलं, मिठागर गेलं, बाबा गेले, आई गेली, दादा गेला. तो उद्या काही आला नाही.

आणि आता ही पोरगी मला मजबूत बॅगा दाखवते आहे.

परवा तिची बॅग आली. खोका, थर्माकोल, आत काळी, जाडजूड, कप्प्याकप्प्यांची बॅग. सानिकाने ती फरशीवर आपटून दाखवली, तिच्यावर उभी राहून दाखवली. वहिनीने मांडीवरचं लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आन गो इकडं.”

सानिकाने बॅग तिच्या मांडीवर ठेवली. वहिनीने चेन उघडली. आतल्या कापडाचा एक कोपरा चिमटीत धरला, वाकली, आणि जिभेला लावला.

“आजी! शी! काय करतेस? नवीन आहे ती!” सानिका हसत सुटली. “काकाआजोबा, आजीला काय झालंय?”

“हसू नको!” मी ओरडलो. इतक्या जोरात, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. सानिकाचा चेहरा उतरला. वहिनी मात्र शांतपणे तोंडातल्या तोंडात चव घोळवत होती. मग तिने दुसरा कोपरा बघितला, पट्टा बघितला.

“गोडी हाय,” ती म्हणाली. “ने बिनघोर.”

मी उठलो, तिच्यासमोर खाली बसलो. या वयात मला खाली बसता येत नाही, तरी बसलो. बॅग ओढून घेतली आणि तोच कोपरा माझ्या जिभेला लावला. काही नाही. खारट नाही, गोड नाही. पन्नास वर्षांपूर्वी लागलं होतं तेवढंच लागलं.

“मला कळत नाही, वहिनी,” मी म्हणालो.

तिने माझ्या हातातून बॅग घेतली, चेन लावली आणि सानिकाकडे सरकवली. लसणाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

“तवा बी तुमाला कलत न्हवता,” ती म्हणाली. “तवाच तुमी असा बोलाया पायजे होता.”